काटा एकशे चाळीसवर

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

आजपासून रोजनिशी. कारण महत्त्वाचं आहे. पुढे कुणी विचारलं की व्यंकट मिस्त्रीने हे कसं केलं, तर उत्तर तयार पाहिजे.

सकाळी नांदेडहून सुकन्याचा फोन. मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, मेकॅनिकल. नांदेडबाहेर एका बंद प्लॉटमध्ये सरळसोट रस्ता आहे, तिथे तीस तारखेला मोटर क्लबवाले ड्रॅग रेस घेणार. दोन गाड्या शेजारी शेजारी, चारशे मीटर, वळण नाही, ब्रेकचं काम नाही. वेळ आणि वेग मोजायच्या मशिनी तिच्या कॉलेजची पोरं-पोरी सांभाळणार. तीही त्यात.

वळण नसलेली रेस म्हणजे निव्वळ इंजिन. निव्वळ इंजिन म्हणजे माझा विषय. जळकोटहून अहमदपूरला आलो तेव्हा हातात एक हवेचा पंप होता. आज अर्धा तालुका गाडी नुसती ऐकवायला आणतो. बोनेट उघडायची गरज नाही. मी डोळे मिटतो आणि सांगतो.

त्याच फोनवर ती म्हणाली, परीक्षा झाली की गॅरेजमध्ये येणार. दारापाशी एक टेबल आणि गाडीचा बिघाड दाखवणारा एक स्कॅनर द्या. मी म्हणालो, तू बँकेची परीक्षा दे. ग्रीसमध्ये हात घालायला मी आहे. ती म्हणाली, स्कॅनरला ग्रीस लागत न्हाई पप्पा.

विषय बदलला. माझी पांढरी एस्टीम रेसमध्ये उतरवणार, असं सांगून टाकलं. ती म्हणाली, फोन आईकडं द्या. बहुतेक भरून आलं असावं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. पहाटे

शिरूर ताजबंद रोडवर ट्रायल. रस्ता मोकळा. शेजारी मोहियोद्दीन. हा माझा दोस्त, शेजारच्या दुकानात गाड्यांची वायरिंग करतो, आणि मला बोलायला त्याला परवानगी लागत नाही.

मी काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. कानाने सांगितलं, एकशे चाळीस. मग बघितलं. काटा एकशे चाळीसवर. मोहियोद्दीनने फोन पुढे केला. त्यात आकाशातून वेग दिसतो म्हणे. एकशे चार.

मी म्हणालो, फोन बदल. तो म्हणाला, व्यंकटभाई, तुमचा कान लई तेज हाय. फोनला कान न्हाई, म्हणून तो खरं बोलून राहिला.

वायरिंगवाल्यांचं इंजिनाबद्दलचं ज्ञान इतकंच असतं. सोडून दिलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पैज लागली. फोनवर, सुकन्याबरोबर. तिच्या मशिनीने माझी गाडी एकशे चाळीस दाखवली तर ती निमूट बँकेच्या परीक्षेला बसणार. कमी दाखवली तर गॅरेजच्या दारापाशी तिचं टेबल. ती म्हणाली, पप्पा, एकशे तीस धरू. मी म्हणालो, दया नको. मग तिने काट्याविषयी काहीतरी सुरू केलं. मी टायर लहान मापाचे टाकले आहेत, त्यामुळे चाकाचे फेरे जास्त होतात, काटा फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. वगैरे.

काटा पंचवीस वर्षं माझ्याजवळ आहे. ती बावीस. कुणाचं ऐकायचं?

तिच्या आईने विचारलं, पोरगी गॅरेजात बसली तर तुमचं काय जातं? काही नाही. कुठे काय जातं. नुसतं एका दुकानात दोन मिस्त्री शोभत नाहीत.

रविवार, ९ नोव्हेंबर

सुकन्या घरी. तिने अंगणात मला मशीन समजावून सांगितली. मला समजलेलीच होती, तरी बापाने ऐकून घ्यावं.

तुळशीपाशी दोन वाट्या समोरासमोर ठेवल्या. म्हणाली, या दोन वाट्यांच्या मधून एक किरण जातो, डोळ्यांना न दिसणारा, जमिनीपासून वीतभरसुद्धा वर नाही. मग पुढे वीतभर अंतरावर वाट्यांची दुसरी जोडी. गाडीचं पुढचं चाक पहिल्या किरणात आलं की खांबावर एक दिवा लागतो, म्हणजे जवळ आलात. दुसऱ्या किरणात आलं की दुसरा दिवा, म्हणजे इथंच थांबा. मग पिवळे दिवे एकामागून एक, मग हिरवा.

मी म्हणालो, हिरवा लागला की घड्याळ सुरू. ती म्हणाली, न्हाई. चाक दुसऱ्या किरणातून बाहेर पडलं की गाडीचं घड्याळ सुरू. तुम्ही हिरव्यावर झोपलात तर रेस हराल, पण घड्याळ तुमच्यासाठी थांबतं. आणि हिरव्याच्या आधी किरण मोकळा झाला की लाल. बाद.

मग ती अंगण ओलांडून फाटकापाशी गेली. म्हणाली, आता वेग. शेवटच्या रेषेवर एक किरण आणि त्याच्या वीस मीटर अलीकडे एक किरण. गाडी हा तोडते, मग तो तोडते. मधल्या वीस मीटरला किती वेळ लागला त्यावरून वेग. मशिनीतून निघणाऱ्या चिठ्ठीवर येतो तो तोच.

म्हणजे पहिल्या तीनशे ऐंशी मीटरची मेहनत कुणी बघतच नाही! हा अन्याय आहे, असं मी म्हणालो. ती म्हणाली, वेग तेवढ्याचाच, वेळ सगळ्याची.

शेवटी एक सांगितलं. मशीन आंधळी असते पप्पा. तिला गाडी दिसत न्हाई. किरणात काहीबी आलं की ती गाडीच समजते. कुत्रं आलं तरी.

नोंद: कुत्र्यांचा बंदोबस्त क्लबने करावा, असं त्यांना कळवणे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

वजन कमी करण्याची मोहीम. हलकी गाडी जोरात पळते, हे शास्त्र आहे. मागचं सीट काढलं. स्टेपनी काढली. जॅक, पाना, छत्री, सुकन्याच्या आईची उशी, सगळं काढलं. गाडीचं वजन झपाट्याने उतरलं.

माझं सोमवारपासून. भजी बंद, चहात साखर बंद.

सोमवार, १७ नोव्हेंबर

धान्याच्या मोंढ्याजवळ मिरचीची भजी गरम निघत होती. थंडीत तेल थोडं लागतं अंगाला. वजन पुढच्या सोमवारपासून.

आज सायलेन्सरमधली जाळी काढून टाकली. स्टार्ट केल्यावर समोरच्या मेडिकलच्या काचा थरथरल्या. काय आवाज! डोळे मिटून ऐकलं, उभ्या उभ्या एकशे पन्नास. मोहियोद्दीन बाहेर येऊन म्हणाला, व्यंकटभाई, आवाज जातो नांदेडला, गाडी इथंच हाय.

जळतो.

शनिवार, २२ नोव्हेंबर

लातूरचा रविकिरण गॅरेजवर आला. तिशीतला पोरगा, लॅपटॉप लावून गाड्या ट्यून करतो. तीस तारखेला माझ्याशी त्याचीच जोडी आहे. त्याच्या गाडीचा आवाज ऐकला. आवाज कसला, घरघंटीसुद्धा याच्यापेक्षा बोलते. मनातल्या मनात नव्वद दिले.

पोरगा मात्र गोड. पाया पडला. एस्टीमभोवती दोनदा फिरून म्हणाला, काका, लई भारी ठेवली हो गाडी, नजर हटत न्हाई.

तो गेला आणि गाडी स्टार्ट होईना. किल्ली फिरवली, नुसतं टक. पुन्हा टक.

नजर. त्याने स्वतः तोंडाने सांगितलं, हटत नाही म्हणून. मोहियोद्दीन म्हणतो, सकाळपासून पार्किंग लाइट चालू होते, बॅटरी उतरली. लाइट चालू होते हे खरं. पण ते मी विसरलो कशामुळे? मी कधी विसरतो का?

बुधवार, २६ नोव्हेंबर

क्लबचे नियम सुकन्याने पाठवले. हेल्मेट घाला. बेल्ट लावा. गाडीच्या पुढच्या बाजूला खाली लोंबणारी, सैल अशी कोणतीही वस्तू नको. तिने वर फोन करून तेच सांगितलं. पप्पा, पुढं काही लटकवू नका हं, न्हाईतर किरणात येतं.

झेंडे, रिबिनी, फुगे लावणाऱ्या पोरांसाठी हा नियम चांगला आहे.

शनिवार, २९ नोव्हेंबर

धुरपताबाई दर शनिवारी बाजारपेठेतून फिरते. टोपलीत लिंबू-मिरचीच्या माळा, दुकानांना, रिक्षांना, टेम्पोंना. मला नेहमीची द्यायला लागली. मी म्हणालो, आज साधी नको. जी उतरवायची ती नजर लातूरची आहे. तिने टोपलीच्या तळातून काढली. ट्रॅक्टरच्या मापाची. जाड काळा दोरा, चांगला हातभर. सात मिरच्या, मध्ये कोळसा, खाली लिंबू, पोराच्या मुठीएवढं.

म्हणाली, मिस्त्री, छोट्या गाडीला लांब व्हईल. जमिनीला टेकंल. मी म्हणालो, टेकू दे, जमिनीचीपण नजर असते.

सुकन्याच्या नियमाचा विचार केला. नियमात वस्तू म्हटलं आहे. लिंबू-मिरची ही वस्तू नसते. ती एक व्यवस्था आहे. तरीपण तपासणीवाल्यांना उगीच वाद नको म्हणून सध्या डिकीत ठेवली.

उद्या एकशे चाळीस. बँकेच्या परीक्षेची जाहिरात कापून खिशात ठेवली आहे, लगेच तिच्या हातात द्यायला.

रविवार, ३० नोव्हेंबर. सकाळी ८

लोह्याच्या अलीकडे. पंक्चर.

पंक्चरवर ज्याने आयुष्य उभं केलं त्याला पंक्चरने घाबरवता येत नाही. फक्त स्टेपनी नाही. जॅक नाही. पाना नाही.

मोहियोद्दीन टपरीवर चहा पितो आहे आणि विचारतो आहे, गाडी आता किती हलकी झाली?

सकाळी ८.४०

मागून रविकिरण आला. थांबला. जॅक काढला, टायर खोलायला स्वतः बसला, शेजारच्या दुकानातून पंक्चर काढून आणलं. हात पुसत म्हणाला, काका, तुमच्याकडून शिकायचं हाय लई.

खरं आहे. शिकेल.

सकाळी १०.४५

तपासणी पास. पुढच्या बाजूला काही लोंबत नाही ना, म्हणून एक पोरगा खाली वाकून बघून गेला. तो गेल्यावर बंपरला माळ बांधली. धुरपताबाई म्हणत होती ते बरोबर, लांब आहे. लिंबू जमिनीपासून चार बोटं वर. पण डौल आला गाडीला.

अहमदपूरची बरीच माणसं आली आहेत. उदगीरकडचे चन्नबसप्पा, माझे जुने गिऱ्हाईक, टेम्पो घेऊन मुद्दाम आले. सुकन्या मंडपात टेबलापाशी कॉम्प्युटरसमोर बसली आहे. डोक्यावर टोपी, गळ्यात ओळखपत्र. लांबून बँक मॅनेजर वाटते.

दुपारी १२.१०

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो, पुढे उपयोगी पडेल.

मी लेनमध्ये हळूहळू पुढे गेलो. खांबावर पहिला दिवा लागला. मग दुसरा. थांबलो. मला जरा लवकर लागले असं वाटलं, चाक अजून मागे असावं. म्हटलं, मशिनीला आपली गाडी आवडली. शेजारी रविकिरण. मी जोरात रेस दिली. एस्टीम जागच्या जागी अशी हादरली की बंपरपासून डिकीपर्यंत सगळं नाचलं. पिवळा. पिवळा. मी कपाळावरचा घाम पुसला. आणि माझ्या बाजूला लाल.

लाल! मी जागेवर होतो! क्लचवर पाय होता! रविकिरण निघाला, मग मीसुद्धा निघालो. आवाज असा की माणसांनी कानांवर हात ठेवले. काटा एकशे चाळीसवर.

चिठ्ठी आली. तिच्यावर लिहिलेलं, हिरव्याच्या आधी निघाला, बाद. एकूण वेळही भलती लांब. वेग एकशे पाच.

टेबलापाशी जाऊन मी आवाज चढवला. सगळे गोळा झाले. मी म्हणालो, तुमची मशीन खोटी आहे. मी हललोच नव्हतो. देवाशपथ हललो नव्हतो. अहमदपूरची सगळी माणसं साक्षीला आहेत. चन्नबसप्पा म्हणाले, हाव, मिस्त्री हलले न्हाईत, घाम पुसून राहिले होते. मी म्हणालो, मशीन एवढी चुकते तर वेगात का चुकणार नाही? सुकन्या, हे एकशे पाच मी मानत नाही. पैज रद्द.

ती उठली, माझ्या गाडीपाशी गेली, आणि खाली वाकली. बराच वेळ वाकलेली. मग उभी राहिली तेव्हा तिच्या हातात दोरा होता आणि दोऱ्याच्या टोकाला लिंबू. पळण्यात दोन मिरच्या गळाल्या होत्या.

म्हणाली, पप्पा, तुमचं खरं हाय. तुम्ही हलला न्हाईत. हे हललं.

सगळ्यांसमोर समजावून सांगितलं, ओरडून नाही. चाकाच्या पुढे लिंबू होतं. किरणात आधी लिंबू आलं, म्हणून दिवे लवकर लागले. गाडी हादरली, लिंबू पुढेमागे झुललं, किरण मोकळा झाला. मशीनला वाटलं गाडी निघाली. घड्याळ तेव्हाच सुरू झालं. तुम्ही उभे होता तेवढा वेळपण तुमच्यात धरला.

 मग मोहियोद्दीन म्हणाला, मंजे रेस लिंबूने सुरू केली, गाडी मागून आली. त्यावर हसण्याने मंडपाचं कापड हललं.

दुपारी १.३०

मी एक मुद्दा काढला. लिंबामुळे वेळ चुकली, तर वेगसुद्धा लिंबानेच खाल्ला असणार. सुकन्या म्हणाली, पळताना दोरा वाऱ्याने मागे पोटाखाली जातो, शेवटी किरण चाकानंच तोडला. पण तुमचं समाधान होत नसंल तर पुन्हा पळा. क्लबवाले म्हणाले, वेळ नाही. तेव्हा रविकिरण पुढे झाला. म्हणाला, माझी दुसरी पाळी काकांना द्या.

माळ काढून मोहियोद्दीनच्या हातात दिली. बंपर उघडा. मनातून धाकधूक होती, पण म्हटलं, आता कानावर भरवसा.

दुपारी २.०५

दिवे लागले. पिवळे. हिरवा. निघालो. पाय शेवटपर्यंत दाबलेला. शेवटचे दोन्ही किरण ओलांडले तरी सोडला नाही. आवाज एकशे पन्नासचा. काटा एकशे चाळीसवर.

चिठ्ठी. एकशे सात.

मोहियोद्दीनने फोन पुढे केला नाही. खिशातच ठेवला. ते जास्त लागलं.

रविकिरणच्या पहिल्या चिठ्ठीवर एकशे एक्कावन्न. घरघंटीला मी नव्वद दिले होते.

सुकन्याने पैजेचं नाव काढलं नाही. पाण्याची बाटली दिली आणि पुढच्या गाड्यांच्या चिठ्ठ्या काढायला बसली.

सोमवार, १ डिसेंबर

शांत डोक्याने विचार केला. कारणं अशी. गोदावरी जवळ, म्हणून हवा जड. रस्ता नांदेडच्या बाजूला किंचित चढा, डोळ्यांना दिसत नाही, पण इंजिनाला कळतं. पंक्चरचा टायर मनातून उतरलेला. शिवाय मशीन फक्त शेवटचे वीस मीटर बघते. एस्टीमचा खरा जोर मधल्या भागात असतो.

मोहियोद्दीनला ही कारणं सांगितली. तो म्हणाला, व्यंकटभाई, पोरीनं सगळ्यांसमोर तुम्हाला खरं ठरवलं, एकदा तरी. बाकीचं ऱ्हाऊ द्या.

दुपारी गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून दारापाशीचा जुन्या टायरांचा ढीग मागे हलवला. जागा झाडली. एक जुनं टेबल होतं, त्याचा हलणारा पाय ठोकला. पैजेचा याच्याशी काही संबंध नाही. स्वच्छता नेहमीच असावी.

खिशातली बँकेची जाहिरात टेबलाच्या त्याच पायाखाली बरोबर बसली.

शनिवार, ६ डिसेंबर

सुकन्या दोन दिवसांसाठी आली आहे. क्लबच्या ओळखीतून वापरलेला स्कॅनर घेऊन आली. टेबलावर मांडला. आईने हळद-कुंकू लावलं. मी लांबून बघत होतो, कामात.

पहिलं गिऱ्हाईक चन्नबसप्पा. टेम्पोच्या पुढच्या चाकात टकटक. नेहमीप्रमाणे माझ्याकडे आले. मी डोळे मिटले, त्यांना थोडं पुढेमागे करायला लावलं आणि सांगितलं, बेअरिंग. मग ते सुकन्याच्या टेबलापाशी गेले. का गेले, माहीत नाही. स्कॅनर म्हणाला, सगळं ठीक. मी म्हणालो, बघा. मशीनला ऐकू येत नाही.

सुकन्या उठली आणि खाली वाकून बघायला लागली. ही तिला सवयच लागली आहे. टायरच्या खाचेतून पेचकसने एक खडा काढला आणि चन्नबसप्पांच्या तळहातावर ठेवला. टकटक बंद.

खडा आहे हे मला कळलंच होतं. बेअरिंग ही पुढची गोष्ट झाली.

चन्नबसप्पा जाताना म्हणाले, मिस्त्री, पोरीला ऱ्हाऊ द्या इथं. तुम्ही ऐका, ती बघंल. मी म्हणालो, परीक्षा झाल्यावर बघू. सुकन्याने मान खाली घातली. हसत असावी. मला ऐकू आलं नाही.

अकराच्या सुमाराला धुरपताबाई आली. लांबूनच ओरडली, मिस्त्री, ट्रॅक्टरची काढू का? बाजारपेठेत सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायची काय गरज होती, कळत नाही. मी म्हणालो, नको. एस्टीमला नको. टेबलाला बांधायची आहे, त्या समोरच्या. लहान दे.

आणि दोरा आखूड.